वाहनांच्या संख्येत सायकल धरायची का?



मागच्या चातुर्मासात माताजींसमोर मी परिग्रह-परिमाण लिहून घेतलं, तेव्हा वाहनांपुढे '3' असा आकडा घातला होता. यांची कार, माझी स्कूटर आणि लेकाची मोटारसायकल. खाली पार्किंगमध्ये लेकाची शाळेतली सायकलही उभी होती, पण ती मला आठवलीच नाही. चाकांत हवा नाही, सीटवर धुळीचा थर. अशी वस्तूही आपल्या मालकीची असते, हे तेव्हा सुचलं नाही. आठवली ती दिवाळीनंतर, मला स्वतःला सायकल घ्यावीशी वाटली तेव्हा.

खरं सांगते, कारण कुठलंच मोठं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, वजनाचं निमित्त नव्हतं. मुलीपणी मी शाळेला लेडीज सायकलवर जायचे. लग्नानंतर सुटली ती सुटलीच. आता रविवारी सकाळी जुळे सोलापुरातून निघावं, विजापूर रोडने संभाजी तलावापर्यंत जावं, पाण्यावरचे पक्षी बघावेत आणि परत यावं, एवढीच हौस.

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंदिराला जायला स्कूटर आहे, भाजी दारात येते. मग सायकल कशाला गं? उगी हिंडायला?"

'उगी हिंडायला' हा शब्द लागला, कारण त्यात खोट काढता येत नव्हती. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या प्रमादचर्येत माती, पाणी, अग्नी यांचा विनाकारण आरंभ येतो, झाडं तोडणं येतं आणि निष्कारण फिरणं, दुसऱ्याला फिरवणं हेही येतं. स्वाध्यायात तो भाग मीच वाचून दाखवला होता, आणि आई समोरच बसल्या होत्या!

दोन आठवडे विषय काढला नाही. मग संघातल्या ब्रह्मचारिणी दीदींना फोन करून साधा प्रश्न विचारला, सायकल वाहनात धरायची का? त्या हसल्या. म्हणाल्या, "पेट्रोलवर वाहन ठरतं का? ज्यावर बसून जाता ते वाहन." म्हणजे जुनी सायकल धरून आमच्याकडे आधीच 4 होती. झालेल्या चुकीसाठी त्यांनी एक एकाशन आणि णमोकाराची माळ सांगितली, ती केली. फिरण्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "निघायच्या आधी हद्द ठरवा आणि ती मोडू नका. बाकी तुमचं मन तुम्हाला सांगेल." एका दिवसापुरती हद्द बांधणं आपल्या देशावकाशिकात येतंच.

आता नवी आणायची तर दोन घालवायला हव्यात. जुन्या सायकलला टायर-ट्यूब आणि ब्रेकच्या तारा घालून ती आमच्या वॉचमनच्या मुलाला दिली. मोटारसायकलीचं अवघड गेलं. लेक नोकरीला पुण्याला गेल्यापासून ती उभीच होती, तरी फोनवर तो म्हणाला, "मम्मी, माझी गाडी विकून तू सायकल घेणार?" चार दिवस बोलला नाही. मग स्वतःच एका मित्राला गिऱ्हाईक म्हणून पाठवलं.

दुकानात जाण्याआधी वहीत लिहिलं: हेल्मेट, कुलूप, स्टँड धरून 15,000 रुपये. आधी लिहिलं हे बरं झालं. परिग्रह-परिमाणाच्या अतिचारांत समंतभद्राचार्यांनी 'विस्मय' सांगितला आहे, म्हणजे दुसऱ्याचं वैभव पाहून चकित होणं. मला तो अतिचार कधी नीट कळला नव्हता. नुसतं आश्चर्य वाटण्यात दोष कसला? सायकलच्या दुकानात कळला. एका बोटावर उचलली जाणारी, लाखाच्या वरची सायकल मी उचलून पाहिली आणि पुढच्या पाच मिनिटांत माझे 15,000 मला केविलवाणे वाटू लागले.

दुकानातला मुलगा समजूतदार होता. त्याने सांगितलं की रेसिंगची सायकल बारीक टायरची, त्यावर फार वाकून बसावं लागतं. डोंगराची म्हणजे एमटीबी, जाड खाचांच्या टायरची, डांबरावर ओढायला जड. हायब्रिड या दोघींच्या मधली. चाक मोठं, टायर मध्यम, हँडल सरळ, पाठ बरीचशी ताठ राहते. टायरच्या बाजूला 700 × 35 असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. आपल्या खड्ड्यांना 35 ते 40 बरं. लेकाची सायकल मला जड का जायची, ते तिथे समजलं.

पुढच्या दांड्यात स्प्रिंग असलेली सस्पेन्शनची सायकल दिसायला भारी दिसते. पण स्वस्त सायकलीत ते सस्पेन्शन नुसतं वजन वाढवतं, म्हणून मी साधा फोर्क घेतला. गिअरही 21 नकोत. सोलापूर सपाट आहे, आसरा पुलाचा चढ सोडला तर पुढे एकच चक्र आणि मागे 7 गिअर भरपूर झाले. उंची मात्र अंदाजाने घेऊ नका. सायकल दोन पायांत धरून उभं राहावं, आडवी नळी अंगाला लागता कामा नये. सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. मला लहान मापाची, नळी खाली उतरलेली फ्रेम बसली. सलवारवाल्यांनी चेनकडे बघा. हायब्रिडला बहुधा चेनकव्हर नसतं. मी घोट्याला पट्टा बांधते, ओढणी घरी ठेवते.

आणि सीट! ब्रूक्स नावाची इंग्लंडची जुनी कंपनी चामड्याच्या सीटसाठीच नावाजलेली आहे. आपल्या बजेटातल्या सायकलींना बहुतेक रेक्झिनसारखंच सीट असतं, तरी विचारून घ्यावं. हातमोज्यांच्या तळव्याला कधी कधी चामडं असतं, ते मी उलटून पाहून परत ठेवले.

सगळं मिळून 14,600 झाले. पहिल्याच महिन्यात दोन पंक्चर, एक वेड्या बाभळीच्या काट्याने, एक सराट्याने. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखाच आहे, त्यामुळे कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हवा भरून देतो. घेताना हे विचारायला विसरू नका.

माझे नियम असे. सूर्योदयाआधी निघायचं नाही, कारण अंधारात रस्त्यावरचा जीव दिसत नाही. जानेवारीत सात वाजले तरी चालतात. पाऊस पडून वाणी, गोगलगाई, मृगाचे किडे बाहेर पडले की चाक फिरवायचं नाही. चातुर्मासात सायकल कपड्याखाली. म्हणजे वर्षाचे चार महिने ती उभीच राहणार, मग वीस-पंचवीस हजारांची घेऊन काय केलं असतं? मंदिराला शक्य तेव्हा स्कूटरऐवजी सायकल नेते, पण त्यामुळे रविवारचं फिरणं सकारण झालं असं मी म्हणणार नाही. ते हौसेचंच आहे.

सासूबाईंनाही ते माहीत आहे. गेल्या रविवारी निघताना त्यांनी गॅलरीतून विचारलं, "आज कुठवर?"

"तलावापर्यंतच, आई."

"लिहिलंस का?"

लिहिलं नव्हतं. स्टँड लावला आणि वही आणायला वर गेले.