हिशेबनीस

सप्टेंबर लागला की बॉस्टनच्या फेनवे पार्कमधल्या माणसांच्या माना एका बाजूला कलायला लागतात. मैदानावर रेड सॉक्सचा बेसबॉलचा सामना चालू असतो, तिकीट त्याचंच काढलेलं असतं, पण जरा उसंत मिळाली की नजर जाते ती डावीकडे, लेफ्ट फील्डच्या हिरव्या भिंतीच्या पायथ्याशी. तिथे धावफलक आहे. हाताने चालवायचा, पाट्या टांगायचा, 1934 सालचा. त्यावर आपला सामना तर असतोच, शिवाय न्यूयॉर्क, टोरांटो, बाल्टिमोर अशा दुसऱ्या गावांत त्याच वेळी चाललेल्या सामन्यांचे आकडे असतात, आणि अमेरिकन लीगच्या पूर्व विभागातल्या पाच संघांचा तक्ता असतो. एप्रिलमध्ये या तक्त्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. 162 सामन्यांच्या हंगामात एप्रिलचे आकडे कशाला मोजा! पण शेवटचे वीस-बावीस सामने उरले, आणि न्यूयॉर्कचे यँकीज दोन सामने मागे आहेत की दीड, यावर माणसांची झोप ठरायला लागली, की फलकाचा भाव एकदम वधारतो.

स्वभावाने हा पेढीवरच्या जुन्या हिशेबनिसासारखा. आकडा आला की टांगला, विषय संपला. आनंद नाही, हळहळ नाही, धीराचे दोन शब्द नाहीत. हल्लीच्या मैदानांवरचे भलेमोठे पडदे प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला सांगतात, गाणी म्हणायला लावतात, कोणाकोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात. तसे पडदे फेनवेतही आहेत. हिशेबनीस त्या भानगडीत पडत नाही. त्याच्या अंगावर खाजगी म्हणावी अशी एकच गोष्ट आहे. फलकावरच्या उभ्या पांढऱ्या रेघांमध्ये मोर्स कोडचे ठिपके आणि दांड्या आहेत. ती संघाचे जुने मालक टॉम यॉकी आणि त्यांच्या पत्नी जीन यांची आद्याक्षरं. मालकाचं नाव अंगावर, पण वाचता येणार नाही अशा लिपीत. हा संकोच मला आवडतो.

ज्या भिंतीच्या पोटात तो राहतो तिची तऱ्हा मात्र वेगळी. मैदान 1912 सालचं. 20 एप्रिलला रेड सॉक्सचा तिथला पहिला सामना झाला तेव्हा टायटॅनिक बुडून पाच दिवस झाले होते. डाव्या अंगाला लॅन्सडाउन स्ट्रीट अगदी खेटून, त्यामुळे मैदान तिकडे आखूड पडलं आणि भिंत उंच घ्यावी लागली. आजची उंची 37 फूट 2 इंच. 1947 पर्यंत तिच्यावर साबण, दाढीची पाती, व्हिस्की असल्या जाहिराती रंगवलेल्या असत. त्या पुसून हिरवा रंग दिला आणि पुढे तिचं नाव पडलं ग्रीन मॉन्स्टर. बॅट घेऊन खेळाडू उभा राहतो त्या होम प्लेटपासून आपण 315 फुटांवर आहोत असं ती वर्षानुवर्षं छातीवर मिरवत होती. लोकांना शंका होतीच. शेवटी 1995 मध्ये आकडा गुपचूप बदलून 310 झाला. दुसऱ्यांच्या धावा बिनचूक मांडणाऱ्या फलकाला स्वतःच्या घराचं माप मात्र खरं सांगता आलं नव्हतं.

या आखूडपणाने आणि उंचीने भिंत दोन्हीकडून अन्याय करते. सणसणीत सरळ गेलेला चेंडू, जो दुसऱ्या कुठल्याही मैदानात प्रेक्षकांत जाऊन पडला असता, तो इथे भिंतीवर आदळून परत येतो. आणि नुसताच उंच उडालेला, दुसरीकडे कोणीही अलगद झेलला असता असा चेंडू इथे भिंतीच्या माथ्यावरून पलीकडे जातो आणि होमरन ठरतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फलकाच्या मागे एक अरुंद खोली आहे. खोली कसली, बोळच. उन्हाळ्यात आत भट्टी आणि एप्रिलमध्ये गारठा, शौचालय नाही, भिंतींवर कित्येक वर्षांच्या खेळाडूंच्या सह्या. आतली दोन-तीन माणसं फटींतून सामना बघतात आणि पाट्या बदलतात. पाटी साधारण फूट-सव्वा फुटाची, वजनाला एक-दीड किलो. एकदा, 2005 मध्ये, खेळ जरा थांबला होता तेव्हा लेफ्ट फील्डला उभा असलेला मॅनी रामिरेझ चक्क दार उघडून आत गेला. पिचर पुढचा चेंडू टाकायला सरसावला तरी साहेब आतच. अगदी शेवटच्या क्षणी धावत बाहेर आले. बॉस्टनमध्ये ही गोष्ट आजही हसत सांगतात.

लांबच्या सामन्यांचे आकडे मांडायची एक रीत आहे. न्यूयॉर्कला डाव चालू असेल, तर त्या डावात आतापर्यंत झालेल्या धावा पिवळ्या आकड्यात दिसतात. डाव संपला की पिवळी पाटी निघते आणि तिच्या जागी पांढरी बसते. सप्टेंबरमधलं सगळं नाट्य या पिवळ्या पाटीत असतं. यँकीजच्या ओळीत पिवळा शून्य दिसतोय. मग तो निघतो. चौकोनी भोक काळं दिसतं, क्षणभर तिथे काहीच नसतं. या भोकाकडे हजारो माणसं बघत असतात. आत एक माणूस खाली वाकून योग्य ती पाटी शोधत असणार, त्याला काही घाई नाही. पांढरा शून्य आला तर डाव संपला, सुटलो. पिवळा तीन आला तर? मग स्टँडमधून एक आवाज निघतो, समोरच्या खेळाशी काही संबंध नसलेला. पिचर बिचारा दचकतो, आपलं काय चुकलं म्हणून.

आता खिशात फोन असतो, न्यूयॉर्कची धाव भिंतीवर यायच्या आधीच कळलेली असते. तरी लोक भिंतीकडे बघतात. वीस-बाविशीची पोरं फोनवर आकडा वाचतात आणि मग मान वर करून पाटी लागायची वाट बघतात. याला आठवणींचं वेड म्हणून सोडून देता येईल, पण मला ते पुरेसं वाटत नाही. फोनवरचा आकडा एकेकट्याचा असतो. भिंतीवरचा सगळ्यांना एकदम सोसावा लागतो, आणि घाबरायला सोबत लागते.

तक्त्यात तीन रकाने असतात, जिंकलेले, हरलेले आणि किती सामने मागे. या तिसऱ्या रकान्यात अर्धा सामना येतो, तो क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बुचकळ्यात टाकतो. अर्धा सामना कोणी खेळत नाही. पुढच्या संघाने 90 जिंकले, 65 हरले, मागच्याने 89 जिंकले, 65 हरले, तर विजयांतला फरक एक, पराभवांतला शून्य, दोन्हींची बेरीज करून निम्मं करायचं. आला अर्धा. म्हणजे एका संघाचा एक सामना खेळायचा राहिलाय एवढंच. पण मुरलेले चाहते तिसऱ्या रकान्याकडे बघतच नाहीत. त्यांचं बोट हरलेल्यांच्या रकान्यावर. न खेळलेला सामना पुढे जिंकता येतो, हरलेला सामना काही केल्या परत मिळत नाही. म्हाताऱ्यांच्या हातात कागद-पेन्सिल असते, समोरच्या सामन्याची एकेक नोंद ते करत असतात, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात दोनच आकडे लिहिलेले असतात, आपले पराभव आणि त्यांचे. ‘त्यांचे’ म्हणजे कोणाचे, हे लिहावं लागत नाही.

या भीतीला तारीख आहे. 1978. जुलैच्या मध्यावर यँकीज बॉस्टनच्या 14 सामने मागे होते. 14! एवढी आघाडी असली की माणूस ऑक्टोबरची तिकिटं काढायला लागतो. मग ती वितळत गेली. 7 सप्टेंबरला यँकीज फेनवेत चार सामने खेळायला आले तेव्हा फरक चारचा उरला होता. पहिला सामना 15-3, दुसरा 13-2, तिसरा 7-0, चौथा 7-4. चारही यँकीजने घेतले, एकूण धावा 42 विरुद्ध 9. चार दिवस हिशेबनीस पाहुण्यांच्याच ओळीत पाट्या लावत राहिला आणि चौथ्या दिवशी दोन्ही संघ तक्त्यात बरोबरीला आले.

लोक हे प्रकरण ‘बॉस्टनची कत्तल’ म्हणून सांगतात आणि तिथेच थांबतात, पण पुढचं विसरता कामा नये. त्यानंतर साडेतीन सामने मागे पडलेल्या त्याच रेड सॉक्सने हंगामातले शेवटचे आठही सामने जिंकले. 1 ऑक्टोबरचा रविवार, शेवटचा दिवस. फेनवेत लुई टियांटने टोरांटोला एकही धाव दिली नाही, सामना 5-0. पण तेवढ्याने भागत नव्हतं, न्यूयॉर्कमध्ये यँकीज हरायला हवे होते. आणि ते हरले. क्लीव्हलंडच्या रिक वेट्सने त्यांना 9-2 असं गुंडाळलं. दोन वर्षांपूर्वीच आलेल्या विजेच्या नव्या फलकावर रिक वेट्सचे आभार झळकले आणि उद्या सामना असल्याची वर्दीही. जुन्याने आभार मानले नाहीत. त्याच्या लेखी दोघांचेही 99 विजय आणि 63 पराभव झाले होते, बस.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, बरोबरी सोडवायला 163 वा सामना झाला, तोही फेनवेत. सहाव्या डावाअखेर रेड सॉक्स 2-0 पुढे. सातव्या डावात यँकीजचे दोन बाद, दोघं बेसवर, आणि बॅट हातात बकी डेंट. नवव्या क्रमांकावर खेळणारा हा शॉर्टस्टॉप, वर्षभरात चारच होमरन मारलेला. एक चेंडू त्याच्या स्वतःच्याच बॅटला लागून पायावर आदळला, तो लंगडत बाजूला झाला. खेळ थांबला. या खोळंब्यात त्याला सहकारी मिकी रिव्हर्सची बॅट मिळाली. पुढचाच चेंडू त्याने डावीकडे उंच उडवला. भिंतीखाली कार्ल यास्त्रेमस्की उभा. या भिंतीशी त्याचा घरोबा 1961 पासूनचा, चेंडू कुठे आदळला की कुठे उसळेल हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तो चेंडूखाली आला, वर बघत राहिला आणि त्याचे गुडघे एकदम ढिले पडले. चेंडू माथ्यावरून जाऊन वरच्या जाळीत पडला. तीन धावा.

सामना 5-4 असा गेला. शेवटच्या डावात बॉस्टनचे दोन जण बेसवर असताना यास्त्रेमस्कीनेच चेंडू उंच उडवला आणि ग्रेग नेटल्सने तो झेलला. बॉस्टनमध्ये तेव्हापासून डेंटच्या नावाच्या मधोमध एक शिवी घालतात. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव येतं तितक्या सहजतेने. मला मात्र डेंटपेक्षा भिंतीचं नवल वाटतं. ज्या भिंतीने हंगामभर एकेक विजय आणि पराभव मांडून ठेवला होता, तिच्याच डोक्यावरून सगळा हिशेब पलीकडे गेला. तिच्या जागी साधी आठ-दहा फुटांची भिंत आणि मागे नेहमीएवढं मैदान असतं, तर यास्त्रेमस्कीच्या हातात एक सोपा झेल पडला असता. तरी बॉस्टनकरांनी भिंतीला कधी दोष दिला नाही. शिव्या पिचर माइक टोरेझला, मॅनेजर डॉन झिमरला, डेंटला तर अखंड. भिंतीला मात्र नवा रंग.

2004 साली रेड सॉक्सने अजिंक्यपदाचा 86 वर्षांचा दुष्काळ संपवला, तोही वाटेत यँकीजकडून पहिले तीन सामने हरल्यावर पुढचे चारही घेऊन. तेव्हापासून दोन जातींचे चाहते शेजारी शेजारी बसतात. नंतर जन्मलेल्यांना न्यूयॉर्कच्या ओळीतला पिवळा तीन म्हणजे एक वाईट बातमी वाटते. आधीच्यांना तो जुना आजार उलटल्यासारखा वाटतो, आणि खरं सांगायचं तर ते त्या आजाराला जपतात. चार सामन्यांची आघाडी असली की हे लोक अस्वस्थ असतात, 14 ची असली तर जास्तच.

1978 सारखा तो सोमवार आता पुन्हा येणार नाही. 2022 पासून बरोबरी सोडवायचा 163 वा सामनाच बंद झाला. दोन संघ बरोबरीत आले तर आधी बघायचं, हंगामात आपापसात कोणी जास्त जिंकले. याची चव फेनवेने त्याआधीच घेतली होती, 2005 मध्ये. शेवटचे तीन सामने यँकीजशी, तेही घरच्या मैदानावर. दुसऱ्याच दिवशी यँकीजने विभाग खिशात घातला, तिसऱ्या दिवशी रेड सॉक्स 10-1 जिंकले आणि दोन्ही संघ 95 विजय, 67 पराभवांवर थांबले. आपापसातल्या 19 सामन्यांपैकी यँकीजने 10 घेतले होते, म्हणून विभाग त्यांचा. हिशेबनिसाकडे या 10 आणि 9 साठी रकानाच नाही, त्याच्या तीन रकान्यांत दोघं सारखे. त्यामुळे 2005 साली आपण दुसरे आलो हे अस्सल बॉस्टनकराकडून आजही कबूल करून घेता येत नाही. भिंतीवर तसं कुठे होतं, असं तो विचारतो.