अब्बांची दाढ आणि गवंड्याचं सिमेंट

अब्बा गवंडी होते. भांडुपच्या टेकडीवरच्या खोल्यांपासून एल.बी.एस. मार्गावरच्या इमारतींपर्यंत कितीतरी भिंतींना त्यांच्या हातचा गिलावा आहे. पंचाहत्तरी झाली तरी मिस्वाक सुटलेली नाही, आणि दातांचा अभिमानही. त्यामुळे खालची दाढ पुन्हा सुजली तेव्हा ते गप्पच झाले. मला मात्र अपराधी वाटलं. सात वर्षांपूर्वी तिचं रूट कॅनाल झालं होतं. तेव्हा वर टोपी बसवून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलीच्या शाळेची फी आली आणि टोपी राहिली. पुढे वरचं फिलिंग झिजलं, फटीतून लाळ आत गेली, तिच्यासोबत जंतूही.

अब्बा म्हणाले, "निकाल डालो." दाढ काढणं स्वस्तच होतं. मी ऐकलं नाही.

या वेळच्या डॉक्टर मॅडमनी मुळांच्या नळ्या पुन्हा साफ करून बायोसिरॅमिक सीलर वापरायचं ठरवलं. नळीत भरतात तो गटापर्चा, झाडाच्या चिकापासून केलेला रबरासारखा पदार्थ. तो दाताला चिकटत नाही. त्याच्या आणि दाताच्या मधली जागा सीलर भरतो. मी पडलो मास्तर, प्रश्न विचारल्याशिवाय राहवेना. "मॅडम, सगळ्यात घट्ट हाच चिकटतो ना?"

त्यांनी सरळ 'हो' म्हटलं नाही, हे मला आवडलं. चिकटण्याची ताकद मोजायला काढलेल्या दाताच्या मुळाच्या एखाद मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापतात आणि आतलं फिलिंग बारीक दांडीने ढकलून बाहेर काढतात. किती जोर लागला, ते पाहतात. अशा अनेक चाचण्यांत जुना इपॉक्सी रेझिनचा सीलर पुढे निघतो, काहींत दोन्ही बरोबरीत. मग नवा कशाला? तर तो आकसत नाही, ओला असताना अल्कलीमुळे जंतूंना जगू देत नाही, आणि त्यातून निघणाऱ्या कॅल्शियममुळे दाताच्याच जातीचं खनिज सांध्यावर जमतं. दाढेला आतून कोणी ओढत नाही. तिथे फट न राहणं महत्त्वाचं.

"पण हे आहे तरी काय?" अब्बांनी विचारलं.

"सिमेंटच, चाचा. कॅल्शियम सिलिकेट."

हे थट्टेने नव्हतं. 1824 साली इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने ज्याचं पेटंट घेतलं ते पोर्टलंड सिमेंट, आणि 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियात महमूद तोराबिनेजाद यांनी दातांसाठी पुढे आणलेलं एमटीए, यांचं घराणं एकच. आजचे हे सीलर त्याच वंशातले.

अब्बा खुर्चीत उठून बसले. आठवड्यात पहिल्यांदा डोळ्यांत चमक दिसली. "फिर ईटां भिगाए क्या?"

मॅडमना कळलं नाही, मी मराठीत सांगितलं. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि सांधा कच्चा राहतो, म्हणून गवंडी विटा आधी भिजवतो. मॅडम हसल्या. म्हणाल्या, अगदी तसंच. डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या मुख्य भागात, एका चौरस मिलिमीटरला हजारो सूक्ष्म नळ्या असतात. त्यांतल्या ओलाव्यावर हा सीलर घट्ट होतो. म्हणून कागदी काड्यांनी पाणी टिपायचं, पण खडखडीत कोरडं करायचं नाही. घासल्यावर भिंतीला बसलेला भुगाही आधी धुऊन काढायचा.

"टाचे मारके झाडू मारते, वैसाच," अब्बा म्हणाले आणि तोंड उघडून आडवे झाले.

एक गोष्ट मॅडमनी आधीच सांगितली होती. हा सीलर कडक झाला की पुन्हा पूर्ण उकरून काढणं अवघड असतं. म्हणजे या वेळी वरून लाळ शिरू देऊन चालणार नाही. टोपीचं माप शनिवारी आहे. पैसे मी आदल्या संध्याकाळीच भरून आलो.