काकूंची जहाजवारी

समुद्राविषयी मराठवाड्यातील माणसाचे ज्ञान बहुधा ऐकीव असते. नदी त्याला कळते, विहीर कळते आणि पाण्याची ओढ तर फारच चांगली कळते. पण जिचे पाणी पिता येत नाही अशा एवढ्या मोठ्या वस्तूचे कौतुक का करावे, हे त्याला सहसा उमगत नाही. आमचे हट्टा हे गाव हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातले. १ मे १९९९ रोजी हा जिल्हा निराळा होण्यापूर्वी ते परभणी जिल्ह्यात मोडत असे. भोवताली हळदीचे आणि कापसाचे रान. मुंबईचा धक्का येथून पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. अशा ठिकाणी आमच्या थोरल्या काकूंनी वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, "एकदा जहाजात बसून पाहावं म्हणते," असा मनोदय बोलून दाखविला, तो घरच्या मंडळींनी प्रथम हसण्यावारी नेला यात नवल नाही.

काकू मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी मुंबई एकदाच पाहिली होती, तीही काकांच्या अखेरच्या दुखण्यात, एका इस्पितळाच्या खिडकीतून. त्या खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात समुद्राचा एक तुकडा दिसे. बरे वाटले की आपण त्यावरून जाऊन येऊ, असे काका म्हणत. काकांना बरे वाटले नाही. ही हकीकत आम्हांस त्या वेळी प्रथमच कळली. मग हसणे थांबले आणि चौकशी सुरू झाली.

अडचण पैशाची नव्हती, गुडघ्यांची होती. ज्या बाईने ऐन उमेदीत नर्सीच्या दिंडीबरोबर पंढरपूर पायी गाठले, तिला आता ओसरीवरून न्हाणीपर्यंत जावयाचे म्हणजे दोन ठिकाणी विसावा घ्यावा लागतो. तेव्हा चाकांच्या खुर्चीवाचून गत्यंतर नव्हते, आणि खुर्चीचे नाव काढताच काकूंनी बेतच मोडीत काढला. "चौघांनी उचलायची पाळी माणसावर एकदाच येती लेकरा," त्या म्हणाल्या, "ती आधीच कशाला आणता?"

या युक्तिवादापुढे आम्ही निरुत्तर झालो, हे नमूद करणे प्राप्त आहे. वृद्धांना उचलून नेण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि तिचे पोवाडेही पुष्कळ झाले आहेत. श्रावणबाळाच्या कावडीचे गुणगान ऐकत आपण लहानाचे मोठे झालो; परंतु त्या दोन पारड्यांत बसलेल्या म्हाताऱ्यांना काय वाटत होते, हे कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कोकणातील जुन्या लोकांना पूर्वीच्या आगबोटींच्या आठवणी विचाराव्यात. अनेक बंदरांत बोट काठाला लागत नसे. ती दूर उभी राही, उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना खलाशी पाठुंगळीस मारून पाण्यातून नेत. त्यात सोय होती आणि माणुसकीही होती, पण पाठीवरच्या माणसाचे मत कोणी घेत नसे.

असो. काकूंचे मन वळेपर्यंत निदान माहिती तरी जमवावी म्हणून आम्ही एका प्रवासी कचेरीशी पत्रव्यवहार आरंभिला. पहिले उत्तर आले : "सर्व व्यवस्था होईल." मराठी भाषेत याहून अविश्वसनीय वाक्य दुसरे नसावे. 'सर्व' म्हणजे किती आणि 'होईल' म्हणजे कोणाकडून, हे काढून घेण्यात तीन आठवडे गेले. त्यातून जे निष्पन्न झाले ते असे की, धक्क्यापासून जहाजाच्या दारापर्यंत खुर्ची व माणूस मिळतो. पुढे जहाजावरील दिवसांसाठी खुर्ची आपली आपण न्यावी लागते. कोणत्याही जहाजाची रीत बहुधा हीच असते. पण ती आपणहून सांगण्याची रीत नाही.

यापुढचा विषय टेपाचा. घरी वापरण्याच्या सामान्य घडीच्या खुर्चीची रुंदी पंचवीस इंचांच्या आसपास भरते, आणि जहाजावरील साध्या खोलीचे दार बावीस-तेवीस इंचांचे असते. म्हणजे खुर्ची बाहेर आणि काकू आत! अपंगांसाठी रुंद दाराच्या आणि न्हाणीला उंबरठा नसलेल्या निराळ्या खोल्या असतात; त्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात व आधी मागणाऱ्यास मिळतात. साध्या खोलीच्या न्हाणीचा उंबरठा वीतभर उंच असतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो असतो हे खरे. पण गुडघ्याला कारणे समजत नाहीत.

ठिकाणाची निवडही खुर्चीनेच केली. मुंबईहून पर्यटकांची जहाजे लक्षद्वीपला जातात तशी गोव्यालाही जातात. लक्षद्वीपची वर्णने मोहक होती. परंतु तेथे जहाज बेटापासून दूर नांगर टाकते आणि उतारूंना हेलकावणाऱ्या लहान होडीत उतरावे लागते, म्हणजे कोकणच्या पडावाचीच गोष्ट नव्याने. गोव्यास मुरगावच्या बंदरात जहाज थेट धक्क्याला लागते. आम्ही गोवा ठरविला. जिना तिथे दोन्हीकडे पाय टेकून असतो, एवढे एकच कारण पुरेसे होते.

राहता राहिला काकूंचा नकार. तो मोडला एका रकान्याने. उतारूंनी भरावयाच्या कागदात, संकटप्रसंगी आपणांस मदतीची गरज लागेल काय, असा प्रश्न होता. घरातील एका शहाण्याने तेथे 'नाही' लिहावे असे सुचविले. उगाच कोणी हरकत काढावयास नको. आम्ही त्या रकान्याचे मूळ शोधू लागलो. १९१२ साली टायटॅनिक बुडाले, त्यानंतर १९१४ साली समुद्रावरील जीविताच्या रक्षणासाठी राष्ट्रांनी पहिला करार केला. त्याच कराराच्या आजच्या स्वरूपात असा नियम आहे की, संकटकाळी विशेष साहाय्य लागेल असे ज्या उतारूंनी कळविले असेल, त्यांची नोंद जहाज सुटण्यापूर्वी कप्तानाकडे पोहोचली पाहिजे. आग लागली तर उद्वाहक वापरता येत नाहीत. अशा वेळी कोणत्या खोलीत कोण बसून आहे हे ठाऊक असणारा माणूस जहाजावर असावा लागतो. 'नाही' लिहिणे म्हणजे त्या माणसापासून काकूंना लपवून ठेवणे होय.

हे सारे आम्ही काकूंना वाचून दाखविले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे जहाज निघायच्या आधी त्या कप्तानाला माझं नाव ठाऊक असतंय?" आम्ही होय म्हणालो. "मग लिही. नीट लिही, माझ्या सासरच्या नावानं लिही."

परभणीहून रात्रीच्या गाडीने निघालो. स्थानकावर ज्यांनी खुर्ची ढकलली त्यांना आपण पिढ्यान् पिढ्या हमाल म्हणत आलो. २०१६ सालापासून रेल्वेने त्यांचे नाव सहायक असे केले. नाव बदलले तरी ओझे तेवढेच राहिले. मुंबईचा बॅलार्ड पिअर हा धक्का मात्र आम्हांस मोठा विचारी वाटला. एके काळी आगगाडी थेट येथवर येत असे; १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल विलायतेच्या बोटींवरील उतारू येथूनच उचलून पेशावरकडे नेई. साहेबाला बोटीतून उतरून गाडीत बसेपर्यंत फार चालावे लागू नये, ही काळजी तेव्हा वाहिली गेली होती. उतारूंसाठी बांधलेल्या नव्या मोठ्या इमारतीचे उद्घाटन याच भागात २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. आता ती काळजी हट्ट्याच्या बाईच्या वाट्याला यावी, हा काळाचा महिमा.

तपासणीच्या यंत्राशी मात्र थोडा खोळंबा झाला. काकूंच्या पिशवीत पिवळ्या भुकटीच्या पाच पुड्या निघाल्या. वसमतची हळद हा काय पदार्थ आहे हे त्या तरुण अधिकाऱ्याला काकूंनी इतक्या विस्ताराने समजावून सांगितले की, शेवटी त्यानेच हात जोडले.

जहाजाचा जिना म्हणजे सरकता डोंगर असतो. भरतीला जहाज वर उचलले जाते, ओहोटीला खाली बसते, आणि जिन्याचा चढ त्याप्रमाणे पालटतो; इमारतीतील उतरंड बारा फुटांस एक फूट चढावी असा दंडक आहे, पण समुद्र दंडक पाळीत नाही. आम्ही चढलो तेव्हा चढ सौम्य होता. एक खलाशी मागे, एक पुढे. दाराशी लोखंडी उंबरठा आला तशी काकूंनी हात वर केला. "थांबा. हा मी ओलांडते." मागे रांग तुंबली होती. पुढचा खलाशी, राहणार रत्नागिरीकडचा, काही न बोलता बाजूला झाला आणि त्याने कोपराचा आधार पुढे केला. धरणे न धरणे त्याने काकूंवर सोपविले होते. त्यांनी तो धरला, उजवा पाय आत टाकला, मग डावा. आणि आपण होऊन पुन्हा खुर्चीत बसल्या.

मुरगावला उतरताना चढ उभा होता. खुर्ची उलटी फिरवून, पाठ उताराकडे करून त्यांना खाली नेले. "आजी, मागे टेकून राहा," एवढेच तो म्हणत होता. खाली पोहोचल्यावर काकूंनी एक पुडी त्याच्या हातावर ठेवली आणि घरी लेकीबाळी किती आहेत ते विचारून घेऊन दुसरीही दिली.

समुद्र कसा वाटला, हे गावात पुष्कळांनी विचारले. काकू सांगतात, रात्री पाणी दिसत नाही, नुसते ऐकू येते; आणि खिडकीतून दिसला होता त्याहून तो बराच मोठा आहे. खुर्ची सध्या आमच्याकडे नाही. शेजारच्या देशपांड्यांकडे आजोबा पडले, ती त्यांच्याकडे गेली. परत मागू नका, अशी काकूंची ताकीद आहे.