काळपट गुळाचे दिवस

आबांच्या गुळाला पुण्याच्या बाजारात पहिल्या नंबरचा भाव कधीच मिळाला नाही. चवीला चोख, पावसाळा काढायला दणकट, पण रंगानं काळपट तांबूस. अडत्याला हवा असे पिवळा. आबा म्हणायचे, "रंग काय खायचाय का?" आणि पडेल तो भाव घेऊन परत यायचे.

आमची शेती राहूबेटात. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा, आणि पुढं रांजणगाव सांडसजवळ दोघींचा संगम. भीमेअलीकडं दौंड तालुका, पलीकडं शिरूर. आत्या पलीकडं दिलेली. उन्हाळ्यात पात्रातून चालतच तिच्याकडं जायचो.

तेव्हा ऊस असायचा चारशे एकोणीस जातीचा. पण रानात ऊसच ऊस असं कधी नव्हतं. वरंब्यावर कांदा, मका, कोथिंबीर. पाटाच्या कडेला केळी. बांधावर शेवगा आणि हादगा. ऊस निघाला की ताग पेरून फुलायच्या आत गाडायचा. दिवाळीनंतर धनगर खाली उतरले की चार रात्री मेंढरं बसवायची आणि बदल्यात ज्वारी द्यायची. याला कुणी सेंद्रिय म्हणत नव्हतं. खताला पैसे नव्हते, एवढंच.

गुऱ्हाळ लागलं की शाळेवर आमचं लक्ष उडायचं. चरकातून रस मांदणात, तिथून काहिलीत. चुलवाणात वाळलेली चिपाडं आणि पाचट. रस तापला की ठेचलेल्या भेंडीचं चिकट पाणी त्यात सोडायचं. मळी वर येई ती झाऱ्यानं काढायची. पुढं सगळा कारभार गुळव्याच्या हातात. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी दाबून बघे. त्याआधीचा क्षण काकवीचा, तेव्हा आम्ही तांबे घेऊन रांगेत. गुळव्याशी आबासुद्धा अदबीनं बोलायचे. सबंध फडाची कमाई त्याच्या दोन बोटांत असायची.

आबांनंतर घरचा कारभार तात्यांच्या हाती आला आणि काहिलीत हायड्रॉसची पावडर पडू लागली. ढेप पिवळीधमक, भाव वरचा. मी तात्यांना दोष देत नाही. पंप, इंजिन, दोन बहिणींची लग्नं, सगळं त्या पिवळ्या रंगातून निघालं. पण त्याच काळात वरंब्यावरचा कांदा गेला, ताग गेला, आणि ऊस तुटला की पाचट पेटवायची रीत पडली. युरियाच्या गोण्या दरवर्षी वाढत गेल्या. पुढं पाटसचा भीमा आणि पलीकडं न्हावऱ्याचा घोडगंगा, दोन्हीकडं ऊस घालायची सोय झाली. आमचं चुलवाण विझलं. परिसरातली गुऱ्हाळं आजही धुमसतात, बरीचशी उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांच्या जिवावर. मात्र काही ठिकाणी चिपाडाऐवजी प्लॅस्टिकचा कचरा जाळतात, त्या धुराजवळून जाताना काकवी आठवत नाही.

आता शेती पुतण्या बघतो. शेजारच्या इंदापूर तालुक्यात भोडणीला हंगे बंधूंनी बँकेतली नोकरी सोडून घरची शेती रसायनांशिवाय उभी केली, ते पाहून त्याचंही डोकं फिरलं (हे तात्यांचे शब्द). तो पाचट जाळत नाही, सरीत कुजवतो. जीवामृताची टाकी आहे, बांधावर पुन्हा शेवगा आहे, उसात कांदा आहे. गूळ भेंडीवर करून घेतो. तो निघतो काळपट, आणि पुण्याची गिऱ्हाइकं त्या काळपट रंगाचेच जास्त पैसे देतात! आबा असते तर अडत्याला शोधायला निघाले असते.

तरी आबांचं शेत परत आलं, असं मी म्हणणार नाही. तेव्हा रात्री दारं धरायला आम्ही पोरं कंदील घेऊन एकटी जायचो. भीती फार तर कोल्ह्याची. आज भीमेच्या दोन्ही तीरांवर उसात बिबट्यानं घर केलंय. रात्रीची लाइट आली की पुतण्या काठी, बॅटरी आणि सोबत दुसरा माणूस घेतल्याशिवाय मोटार चालू करायला जात नाही, आणि त्याच्या पोरांना तर अंधार पडल्यावर अंगणाबाहेर सोडत नाहीत.

आणि नदी. ज्या मुळा-मुठेचं पाणी आम्ही ओंजळीनं प्यायचो, तिच्यातून आज पुणे शहराचं सांडपाणी वाहतं. वर जलपर्णीचा हिरवा गालिचा, खाली काळं पाणी, पंपाच्या फूटव्हॉल्वला गाळ. वर्षानुवर्षं तेच पाणी पाजून नदीकडची जमीन चोपण होत चालली. म्हणून तिथं २६५ लावलाय; पाडेगावच्या संशोधन केंद्रातून २००७ साली आलेला हा वाण खारवट रानातही तग धरतो. तो ऊस कारखान्याला जातो.

गेल्या दिवाळीत मी पुतण्याला विचारलं, काळपट गुळाला एवढी मागणी आहे तर त्याचा ऊस सगळ्याच रानात का करत नाहीस? तो म्हणाला, "काका, मी खत घालायचं थांबवीन, पण नदीच्या पाण्यात काय काय येतं ते माझ्या हातात आहे का?" भेंडीच्या गुळाचा ऊस तो फक्त आबांच्या जुन्या विहिरीवर करतो. ती विहीर एक एकर भिजवते, मे महिन्यात तेवढंही नाही.