मालकाचे सव्वातीन टक्के

सुट्टीत भिलाईला गेलो की बोरसीला चक्कर ठरलेली. तिथे आमच्या पलटणीतले एक हवालदार राहतात. मी अकादमीतून नवा कोरा लेफ्टनंट म्हणून आलो तेव्हा ते नायक होते. नकाशा मी खडकवासल्याला शिकलो, पण जमीन वाचायला त्यांनी शिकवलं. मूळचे भंडाऱ्याकडचे. २०१८ मध्ये निवृत्त झाले आणि मुलाच्या नोकरीपायी इकडे स्थायिक झाले. आता एका एजन्सीमार्फत कारखान्याच्या गेटवर उभे असतात.

चहा झाल्यावर त्यांनी पगाराची चिठ्ठी पुढे केली. पगार १४,००० रुपये, ईएसआयची कपात १०५.

"साहेब, ईसीएचएसचे ३०,००० तं मी रिटायर होतानाच भरले. मंग हे काहून?"

मी सांगितलं, पगार २१,००० च्या आत असला की ईएसआय सक्तीचा. कायदा पगार बघतो, खिशातलं दुसरं कार्ड बघत नाही. शिवाय तुमचे पाऊण टक्काच जातात, मालक सव्वातीन टक्के भरतो, म्हणजे ४५५ रुपये.

ते हसले. "मालक कुठून भरते जी? कंपनी एजन्सीले एका गार्डामागं ठरलेली रक्कम देते. त्यातूनच माहा पगार, त्यातूनच हे ४५५. म्हणजे थो पैसाबी माहाच न!"

मी गप्प झालो, कारण मला एक जुनी सही आठवली.

एका ठाण्यावर सफाईच्या ठेक्याची बिलं माझ्याकडे येत. बिलात मालकाच्या ईएसआयची वेगळी ओळ असे. १ जुलै २०१९ पासून दर उतरले. मालकाचा वाटा ४.७५ वरून ३.२५ वर आला, कामगाराचा १.७५ वरून ०.७५ वर. सफाईवाल्यांच्या हातात शंभरामागे एक रुपया जास्त पडला, तो त्यांच्याच वाट्यातला. मालकाच्या वाट्यातला दीड रुपया बिलातून कमी झाला. सरकारचा पैसा वाचवला म्हणून मी खुशीत सही केली. ठेकेदाराचं काहीच वाचलं नाही, कारण आधीही त्याने पदरचं काही घातलं नव्हतं. 'मालकाचा वाटा' म्हणून लिहिलेला पैसा आम्हीच देत होतो.

मालकाचा वाटा पगारातून कापायला कायद्याची बंदी आहे आणि किमान वेतनाखाली जाता येत नाही. मग तो भार दुसरीकडून निघतो. पगारवाढ पुढे ढकलली जाते, नाहीतर माणसं कमी होतात. हवालदारांच्या गेटवर पूर्वी चौघे होते, आता तिघे आहेत.

म्हणून योजना वाईट ठरत नाही. त्यांच्या सोबतचा तरुण गार्ड फौजेतला नाही. त्याच्यासाठी महिन्याच्या ५६० रुपयांत अख्ख्या कुटुंबाचा इलाज आहे, आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार आहे. बाजारात एवढ्यात हे मिळणार नाही. या योजनेचा १९४८ चा मूळ कायदा प्रा. अडारकरांच्या १९४४ च्या अहवालावर उभा होता, आणि तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. हेतूत खोट नव्हती.

खोट आहे ती 'मालक देतो' या समजुतीत. दुसऱ्याने दिलेलं समजलं की माणूस खिडकीवर हात जोडून उभा राहतो. औषध नाही म्हटलं की मुकाट परत फिरतो. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगींच्या काळात, १९८३ मध्ये, स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभं केलं. तिथे पैसा कोणाचा हे कोणाला विचारावं लागलं नाही.

निघताना हवालदारांना म्हटलं, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. चुकीचं मी सांगत होतो."

"मंग त्या पोराले सांगा साहेब," ते म्हणाले. "त्याची बायको पोटुशी आहे. दवाखान्यात जायले लाजते थो, फुकटचं वाटते म्हणून."

गेटवर गेलो. पोराला चिठ्ठीतल्या १०५ शेजारी पेन्सिलने ४५५ लिहून दिले आणि खाली बेरीज मांडली.