कानात बोळे घालून

‘कानात बोळे घातलेत का रे?’ हे वाक्य मी वर्गात दिवसातून दोनदा तरी म्हणतो. आणि रोज सकाळी हेल्मेट चढवण्याआधी स्वतःच्या कानात खरोखरचे बोळे घालतो. बेल्ह्याच्या स्टँडवर कुणी पाहिले की विचारतात, ‘मास्तर, हॉर्न कसा ऐकू येणार?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर पुढे देतो.

माझी शाळा मंचरला. बेल्ह्याहून कल्याण-नगर रस्त्याने आळेफाटा, तिथून डावीकडे वळून पुणे-नाशिक महामार्गाने नारायणगाव आणि मग मंचर. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटरच्या आसपास. बाह्यवळणे झाल्यापासून गावातली गर्दी टळली, वेळ वाचला. पण वेग वाढला आणि वेगाबरोबर वारा. मोटारसायकलवर कानाला खरा त्रास होतो तो इंजिनाचा नाही, वाऱ्याचा. साठच्या पुढे काटा गेला की वारा हेल्मेटच्या खालच्या कडेला आपटतो, भोवरे तयार होतात आणि त्यांची घरघर थेट कानाशी होते. हेल्मेट डोके वाचवते. हा आवाज अडवणे त्याच्याच्याने होत नाही, कारण तो हेल्मेटमुळेच तर निर्माण होतो.

ब्रिटनमध्ये संशोधकांनी चालकाच्या कानाशी मायक्रोफोन लावून हा आवाज मोजला आहे. ताशी साठ किलोमीटरला तो नव्वद डेसिबलच्या आसपास भरतो आणि एकशेसाठला एकशेदहापर्यंत जातो. आपण एकशेसाठने जात नाही, पण ऐंशीने जातोच. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेचा हिशेब असा की ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तास चालेल. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करायची. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एकच तास. आता शाळेची जा-ये धरा. एक दिवसात काही होत नाही, पण वीस वर्षांची नोकरी म्हणजे किती दिवस?

नुकसान कुठे होते तेही सांगतो. आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. सततच्या आवाजाने आधी जातात त्या चार हजार हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे उंच पट्टीतले आवाज टिपणाऱ्या. माणूस बहिरा होत नाही, त्याला आवाज येतो. पण शब्द पुसट होतात. स, श, फ, थ ही अक्षरे याच उंच पट्टीतली. भाषेच्या शिक्षकाचे पोट या अक्षरांवर आहे. मराठीच्या तासाला मुलगा ‘शाळा’ म्हणाला की ‘साळा’, उर्दूच्या तासाला ‘क़लम’ म्हणाला की आपल्या घरच्या दखनीप्रमाणे ‘खलम’, हे ऐकू आले तर मी दुरुस्त करणार. शेवटच्या बाकावरची लाजरी मुलगी तर आधीच हळू बोलते. तिला तीनदा ‘काय? मोठ्याने बोल’ म्हटले की चौथ्या वेळी ती हात वर करत नाही.

माझा भाचा मंचरला राहतो आणि चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर आहे. जुन्नर-आंबेगावची कितीतरी मुले चाकणला अशीच दुचाकीवरून जातात. गेल्या वर्षीच्या तपासणीत त्याच्या कानाचा आलेख त्याच चार हजारापाशी खाली आलेला दिसला. वय सव्वीस. त्याची अम्मी, म्हणजे माझी आपा, घाबरून गेली. मी त्याला विचारले, ‘कामावर कानात काही घालतोस की नाही?’ म्हणाला, ‘घालतो की मामू. सगळ्यांना देतात, न घालून चालतच नाही. सुटी झाली की गेटवर काढून खिशात टाकतो.’ गेटपासून मंचरपर्यंत तीस किलोमीटर, उघड्या कानाने. त्यातले मशीनचे किती आणि रस्त्याचे किती, हे आलेख सांगत नाही. पण खिशातली वस्तू कानात ठेवायला पैसे पडत नाहीत. आता तो ती घरी पोहोचल्यावर काढतो.

बाजारात काय मिळते? सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात पटलेले म्हणजे फोमचे मऊ प्लग. दाबले की बारीक होतात आणि कानात हळूहळू फुगतात. चाकण-भोसरीला सेफ्टीचे बूट आणि हातमोजे विकणाऱ्या दुकानांत चहाच्या किमतीत जोडी मिळते. दुसरे सिलिकॉनचे, छत्रीसारख्या तीन कडा असलेले. धुता येतात, महिनोन्महिने टिकतात. पण त्यांचा दांडा बाहेर राहतो आणि हेल्मेटची गादी त्यावर दाबली की नारायणगाव येईपर्यंत कान ठणकायला लागतो. तिसरे फिल्टरचे, खास मोटारसायकलवाल्यांसाठी केलेले. ‘आल्पाइन’ या डच कंपनीचे असे प्लग ऑनलाइन मिळतात. वाऱ्याची घरघर कमी करून बोलणे आणि हॉर्न त्यातल्या त्यात स्पष्ट ठेवतात. चांगले आहेत, पण एक प्लग रस्त्यात पडला की हळहळ वाटेल इतके महाग.

कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत, हवा त्यातून आरपार जाते. आणि आपल्याकडे जुम्म्याला कानाच्या घडीत अत्तराचा फाया असतो, तो तर कानाच्या बाहेर. सुगंध देईल, आवाज रोखणार नाही. हेल्मेट घालण्याआधी तो काढलेला बरा, नाहीतर रुततो.

पाकिटावर ३० किंवा ३५ असा आकडा असतो, तितके डेसिबल कमी होतात असा त्याचा अर्थ. हा आकडा प्रयोगशाळेतला. प्रत्यक्षात निम्मा धरावा, कारण निम्मे लोक प्लग नीट घालतच नाहीत. पद्धत सोपी आहे. हात धुवून कोरडे करायचे. फोम दोन बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, चुणी पडू द्यायची नाही. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि थोडा मागे ओढायचा, म्हणजे आतली नळी सरळ होते. मग वात आत सरकवून बोटाने अर्धा मिनिट धरून ठेवायची. घाई केली की प्लग बाहेरच फुगतो. नीट बसला तर स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा घुमतो आणि प्लग कानाबाहेर डोकावत नाही. डोकावला तर हेल्मेट त्याला ढोसणार. काढताना ओढायचा नाही, थोडा पिळत सावकाश काढायचा.

सगळ्यांचे कान एका मापाचे नसतात. माझ्या बायकोला नेहमीचा फोम अर्ध्या तासात दुखायला लागला. तिला लहान मापाचा आणला. ती स्कूटीवर आळेफाट्याला जाते. तिचा क्रम ठरलेला आहे: आधी प्लग, मग स्कार्फ, मग हेल्मेट. पिन कानाजवळ नको, हनुवटीखाली. स्कार्फ गळ्याशी नीट बसला की खालून शिरणारा वारा अडतो आणि आवाज आणखी कमी होतो. पुरुषांना थंडीतला मफलर हेच काम करतो.

आता हॉर्नचे. उघड्या कानाला वाऱ्याचा इतका मारा असतो की हॉर्न त्यातच बुडतो. प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही खाली आणतो, पण कान गुदमरत नाही, त्यामुळे महामार्गावर मागच्या ट्रकचा हॉर्न मला वेगळा कळतो. गाव लागले, वेग तीसवर आला, की गोष्ट बदलते. तिथे वारा नसतो आणि प्लगमुळे सायकलची घंटी खरोखरच कमी येते. सोमवारी बेल्ह्याच्या बाजाराला बैल आणि टेम्पो एकाच रस्त्यावर असतात. त्या दिवशी मी प्लग गाव सोडल्यावर, गाडी कडेला लावून घालतो. म्हणूनच सगळ्यात मोठ्या आकड्याचा प्लग घ्यावा असे मला वाटत नाही, मधला पुरतो. ज्यांना आधीच कमी ऐकू येते त्यांनी कानाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल, तर अजिबात नाही. आणि इअरफोन म्हणजे प्लग नव्हे. वाऱ्यावर मात करायला गाणे मोठे करणारा मुलगा कानावर दुप्पट ओझे टाकतो.

फोम पाण्याने धुऊ नये, त्याचा फुगण्याचा गुण जातो. मळला, कडक झाला की फेकायचा. माझी एक जोडी आठवडाभर जाते. खडूची धूळ आणि सुट्टी नाणी असलेल्या खिशात न ठेवता मी ती झाकणाच्या छोट्या डबीत ठेवतो. डबी गाडीच्या किल्लीला बांधलेली आहे, त्यामुळे विसरायचा प्रश्न येत नाही.