प्लस वन: बाबा

पोकर खेळणाऱ्या मुलीला लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, ‘म्हणजे तीन पत्तीच ना?’ आणि दोन, ‘घरी माहितीये?’ पहिल्याचं उत्तर ठामपणे नाही. दुसऱ्याचं उत्तर २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत ‘अर्धंमुर्धं’ असं होतं.

झालं असं, की एका ऑनलाइन पोकर साइटच्या फ्रीरोलमध्ये मी चक्क पहिली आले. फ्रीरोल म्हणजे प्रवेश फी नसलेली स्पर्धा. खिशातून छदाम जात नाही, त्यामुळे तिथे सगळं जग खेळतं. रात्री नऊला सुरू झालेला प्रकार पहाटे साडेतीनला संपला तेव्हा मी हॉलमध्ये एकटीच नाचत होते, तेही आवाज न करता. बक्षीस काय? पुणे–गोवा विमानाची दोन तिकिटं, पणजीत दोन रात्री, मांडवीतल्या एका कॅसिनो जहाजावरच्या छोट्या स्पर्धेत एक सीट, आणि सगळ्यात सही गोष्ट म्हणजे एका प्रोफेशनल पोकर प्लेअरबरोबर डिनर. प्लस वन अलाउड.

माझी प्लस वन होती रूममेट. ऐन वेळी तिच्या ऑफिसात अप्रेझलचा घोळ निघाला आणि तिने पाय मागे घेतला. मी फोनवर घरी सहज बोलले, एक तिकीट फुकट जाणार. पलीकडून बाबा म्हणाले, “मी येतो. बघू तरी काय आहे ते.”

आता बाबांबद्दल. ते एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात एकतीस वर्षं होते. माणसापेक्षा त्याची फाइल आधी बघायची सवय. मटक्यापायी हप्ते थकवलेली माणसं त्यांनी काउंटरच्या पलीकडे रडताना पाहिली आहेत. आमच्या घरात दिवाळीला पत्ते निघायचे ते बदाम सात आणि पाच-तीन-दोनसाठी. रमीचं नाव काढलं तरी बाबा उठून दिवे बंद करायचे.

आणि एक बारीकशी गोष्ट होती. माझ्या खात्यात तेव्हा तीन लाख वीस हजार रुपये होते. मी फ्रीलान्सर, कधी महिन्याला चार असाइनमेंट, कधी शून्य. डोक्यात प्लॅन शिजत होता की वर्षभर लिखाण बाजूला ठेवायचं आणि फुल-टाइम पोकर खेळून बघायचं. घरी बोलले नव्हते. पण माझं इन्कम टॅक्स रिटर्न बाबाच भरतात. नोव्हेंबरपासून एसआयपी बंद आहे, हे त्यांना दिसलेलं होतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

माझ्या वेडाचं मूळ सांगायला हवं. मास कॉमच्या हॉस्टेलवर एका रात्री मी २००३ च्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची फायनल पाहिली. ख्रिस मनीमेकर नावाचा (हो, आडनाव खरंच आहे!) टेनेसीचा एक अकाउंटंट ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून लास वेगासला पोचतो आणि ८३९ खेळाडूंमधून २५ लाख डॉलर जिंकतो. शेवटी समोर सॅमी फार्हा, मुरलेला प्रो. फार्हाकडे नव्वीची जोडी. मनीमेकरकडे इस्पिक राजा, बदाम सत्ती आणि बाकी काही नाही. तरी तो सगळ्या चिप्स पुढे सरकवतो. फार्हा विचार करतो, करतो, आणि पत्ते टाकून देतो. पुढच्याच वर्षी त्या स्पर्धेला २,५७६ लोक आले, २००६ मध्ये ८,७७३. जगभरातल्या नोकरदारांना वाटलं, अरे, हे तर आपल्यालाही जमेल. मलाही वाटलं, पंधरा-सोळा वर्षं उशिरा.

यातली खरी जादू मात्र कॅमेऱ्याची. हेन्री ओरेन्स्टाइन नावाच्या खेळणी बनवणाऱ्या माणसाने, जो नाझी छळछावण्यांतून वाचला होता, टेबलात कॅमेरा बसवून झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखवायची कल्पना काढली. १९९५ मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्याआधी टीव्हीवर पोकर बघणं म्हणजे गप्प बसलेली माणसं बघणं. कॅमेरा आला आणि घरबसल्या प्रत्येक जण हुशार झाला, कारण दोघांचेही पत्ते फक्त आपल्याला दिसतात! वर चॅनेलवाले चार-पाच तासांतले उत्तम डाव तेवढे दाखवतात.

पणजीच्या जेट्टीवरून छोट्या बोटीने जहाजावर नेतात. त्याआधी काउंटरवर ओळखपत्र तपासतात. वय एकवीस हवं, आणि फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातल्या रहिवाशांना आत सोडत नाहीत. बाबांनी ती पाटी नीट वाचली. “नदी त्यांची, आणि त्यांनाच बंदी? मग काहीतरी आहे यात,” म्हणाले. गोव्याने १९९६ मध्ये कायदा बदलून जहाजांवरच्या जुगाराच्या टेबलांना वाट करून दिली, एवढं माझं होमवर्क झालेलं होतं. आपल्या महाराष्ट्राने तर १९७६ मध्येच कॅसिनोंचा कायदा केला होता, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं फाइल पेंडिंग! बाबांना ही माहिती इतकी आवडली की त्यांनी ती बोटीतल्या दोन अनोळखी लोकांनाही सांगितली.

दुपारच्या स्पर्धेत शहाण्णव जण होते. पहिल्या बाराला पैसे. मी चार तास टिकले आणि एकतिसावी आले. शेवटच्या डावात माझ्याकडे राणीची जोडी, समोरच्याकडे एक्का-राजा, सगळ्या चिप्स मध्ये. नाणेफेकच म्हणा, थोडी माझ्या बाजूने झुकलेली. फ्लॉपवर राजा आला. संपलं. बाबा दोरीच्या पलीकडे उभे होते. “मला काही पत्ते दिसत नव्हते,” ते म्हणाले, “तुझी मान तेवढी दिसत होती. आणि चार तास तू बहुतेक वेळ पत्ते परतच देत होतीस.”

रात्री आठला डिनर. प्रो वक्तशीर आला. बत्तीस-तेहतीसचा, साधा शर्ट, गॉगल-बिगल काही नाही. मूळचा नाशिकचा निघाला! नाव छापू नकोस, ही त्याची अट. कारण त्याच्या घरमालकाच्या समजुतीनुसार तो ‘डेटा ॲनालिटिक्समध्ये’ आहे.

मी फॅनसारखे प्रश्न सुरू केले. तुझा सगळ्यात भारी ब्लफ कोणता? त्याला आठवेना. एक फोल्ड मात्र आठवत होता, तीन वर्षांपूर्वीचा, आणि तो बरोबर होता की नाही ते अजून कळलेलं नव्हतं. मी माझा राणीचा डाव सांगायला लागले. त्याने मध्येच थांबवलं. “राजा आला की नाही ते मला नको सांगू. तू कुठे बसली होतीस? चिप्स किती होत्या? समोरचा त्याआधी किती डाव खेळला?” मी सांगितलं. “मग बरोबर खेळलीस. पुढचा डाव सांग.” चार तासांचं दुःख तीन मिनिटांत निकालात.

तो शंभरातले पंचाहत्तर-ऐंशी डाव सुरुवातीलाच सोडून देतो. सकाळी दोन तास सॉफ्टवेअरवर जुने डाव तपासतो. मग मोबाइलमधली एक्सेल शीट दाखवली: तारीख, तास, रुपये. आठ वर्षांच्या नोंदी. ती शीट बघताच बाबा खुर्ची पुढे ओढून बसले.

“वर्षात किती महिने तोट्यात जातात?”

“मागच्या वर्षी पाच, काका.”

“सलग सर्वांत लांब?”

तो जरा थांबला. “सात महिने. २०२२.”

“सात महिने घर कशावर चाललं?”

मला कधी सुचलाच नसता असा प्रश्न. त्याने नीट उत्तर दिलं. खेळायचे पैसे वेगळे आणि वर्षभराचा घरखर्च वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. मोठ्या स्पर्धेत उतरताना तो स्वतःतले हिस्से विकतो. चाळीस टक्के फी दुसऱ्याने भरायची, चाळीस टक्के बक्षीस त्याचं. बाबा म्हणाले, “भागीदारीतली शेती.” टॅक्स? जिंकलेल्यावर सरळ तीस टक्के, वर सेस. आणि लाइव्ह स्पर्धांत हरलेल्या फिया त्यातून वजा होत नाहीत. होम लोन? दोन बँकांनी नाही म्हटलं. “मीही दिलं नसतं,” बाबा अगदी प्रेमाने म्हणाले, आणि तो मनापासून हसला.

मग त्याने बाबांना टिश्यूवर गणित समजावलं. दोन एक्के हातात येतात सरासरी २२१ डावांत एकदा. समोर दोन राजे असले आणि सगळं पत्ते उघडण्याआधीच आत गेलं, तरी एक्के शंभरात साधारण अठरा वेळा हरतात. बाबांनी टिश्यू फिरवून पाहिला. “म्हणजे तारण ऐंशी टक्क्यांच्या वर. एवढ्यावर आम्ही कर्ज द्यायचो. आणि तरी काही बुडायची.”

मी सोलकढी पीत गप्प होते. प्रश्न त्याला चालले होते, पत्ता माझा होता. शिवाय एक गोष्ट टोचत होती. माझ्या लिखाणाच्या कामातही सलग तीन कोरडे महिने गेले होते, तेव्हा घर कशावर चाललं हे बाबांनी विचारलं नव्हतं. कारण तेव्हा पैसे तेच पाठवत होते.

परतीच्या विमानात बाबा विषय काढतील म्हणून मी तयारीत होते. ते झोपले. पुण्यात टॅक्सीतून उतरताना एवढंच म्हणाले, “प्रपोजल दे. दोन पानी. मग बघू.”

मी दिलं! मार्चमध्ये. वर्षाचा घरखर्च बावीस हजारांच्या हिशेबाने दोन लाख चौसष्ट हजार, तो बाजूला. उरले छप्पन्न हजार. प्रो म्हणाला होता, एका स्पर्धेची फी भांडवलाच्या शंभराव्या हिश्शावर जाऊ द्यायची नाही. म्हणजे फी पाचशे साठ. मी जर खरंच चांगली खेळले आणि सरासरी वीस टक्के फायदा काढला, तर स्पर्धेमागे एकशे बारा रुपये. बावीस हजार काढायला महिन्याला १९६ स्पर्धा. रोज साडेसहा. सुट्टी नाही. आणि हे सगळं सरासरीतलं, सात महिन्यांचा खड्डा न धरता.

बाबांनी ते पेन्सिलने तपासलं आणि कोपऱ्यात लिहिलं, ‘फेरसादर करावे.’ बँकेच्या भाषेत हा नकार नसतो. मी लिखाणाची दोन रेग्युलर कामं धरली, एसआयपी परत सुरू केली, आणि रात्रीच्या स्पर्धांची माझी स्वतःची शीट ठेवायला लागले.

मग ऑगस्ट २०२५ आला. संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. स्किलचा खेळ असो की नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवणं बंद. आठवडाभरात माझ्या साइटवरची पैशांची टेबलं गायब झाली. बाबा म्हणाले, “सुटलीस.” मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. ॲपपायी कर्जात बुडालेली घरं खरी आहेत, त्यांचा विचार व्हायलाच हवा. पण बाबांनी मला फाइल फेरसादर करायला लावली होती. एका झटक्यात सगळ्यांच्याच फाइली बंद करणं हा वेगळा प्रकार आहे. यावर आमचं जोरदार भांडण झालं आणि आईने दोघांना जेवायला बसवून ते मिटवलं. प्रोला मेसेज केला होता. तो आता लाइव्ह स्पर्धा खेळतो, नवीन मुलांना शिकवतो, आणि घरमालकाला अजून काही माहीत नाही.

रविवारी मी घरी गेले की आम्ही चिंचोके लावून खेळतो. आई बँक सांभाळते. बाबांनी वही केली आहे: तारीख, तास, चिंचोके. ते इतके पत्ते टाकतात की खेळायला कंटाळा येतो, पण गेल्या महिन्यात ते माझ्यापेक्षा चाळीस चिंचोक्यांनी पुढे होते. मागच्या रविवारी त्यांनी पहिल्यांदाच सगळा ढीग पुढे सरकवला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्याकडे नव्वीची जोडी होती. मी खूप वेळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पत्ते टाकून दिले.

“काय होतं?” मी विचारलं.

त्यांनी पत्ते उलटेच गड्डीत घातले आणि पिसायला घेतले.